दोरी वेगळी विकत मिळेल

लिफ्टसाहेबांच्या घरात व्हिडिओ गेम खेळला जातो, हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण तोंडावर कुणी बोलत नसे. पन्नाशी उलटलेल्या माणसाला एखादा नाद असायला हरकत नाही, फक्त तो वयाला शोभावा, असं इमारतीचं मत होतं. शब्दकोडी चालतील, बुद्धिबळ चालेल, अगदीच झालं तर गॅलरीत कुंड्या चालतील. पण सरकारी लिफ्ट-निरीक्षकानं संध्याकाळी शर्ट बदलून, चष्मा पुसून, दोन्ही हातांत कंट्रोलर धरून कोचावर बसावं आणि "गेलो, गेलो, धर" म्हणून ओरडावं, हे त्यात बसत नव्हतं. समोरच्या फ्लॅटमधले निवृत्त प्राचार्य सुरुवातीला तर कुणाला तरी चक्कर आली असं समजून पाण्याचा तांब्या घेऊन धावत आले होते. आत येऊन त्यांनी पडदा बघितला, साहेबांना बघितलं, आणि पाणी स्वतःच पिऊन परत गेले.

लिफ्टसाहेब हे नाव त्यांना नोकरीनं दिलेलं. त्यांच्या सहीशिवाय शहरातली कुठलीही नवी लिफ्ट वर जात नसे आणि ते सही सहजासहजी करत नसत. एका बिल्डरनं एकदा त्यांना विनवलं होतं, "साहेब, वरच्या दोन मजल्यांचे दरवाजे बसायचेत तेवढे, बाकी लिफ्ट तयार आहे, चालू करू द्या." साहेब म्हणाले, "लिफ्ट तयार आहे म्हणजे सगळी तयार आहे. अर्धी तयार असते तिला खड्डा म्हणतात." हे वाक्य त्यांच्या खात्यात बरेच दिवस फिरत होतं, आणि ते आपलंच आहे हे साहेब कुणाला विसरू देत नसत.

त्यांच्या बायकोला इमारतीतली मुलं सुईमावशी म्हणत. ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये रक्त काढायचं काम करी. माणूस बाही वर करून देवाचं नाव घेतोय तोवर तिचं काम उरकलेलं असे आणि कापूस दाबून धरायला सांगून ती पुढच्याकडे वळलेली असे. पेशंट नंतर विचारत, "झालं?" तिच्या हाताबद्दल साहेबांना अभिमान होता. तो त्यांनी तिला कधी बोलून दाखवला नव्हता, कारण आपल्याकडच्या नवऱ्यांना अशा गोष्टी बायकोशिवाय बाकी सगळ्यांना सांगायची सवय असते.

गेम मूळचा लेकीचा. ती नोकरीला परगावी गेली आणि तिचा जुना कन्सोल टीव्हीखाली धूळ खात पडला. एका संध्याकाळी साहेबांनी सहज चालू केला. दोन गिर्यारोहक, दोघांच्या कमरेला मिळून एकच दोरी, आणि समोर बर्फाचा डोंगर. एकजण घसरला की दुसऱ्यानं पाय रोवून त्याला ओढून घ्यायचं. बस्स, एवढाच गेम. गोळीबार नाही, राक्षस नाही. साहेब घसरायचे, मावशी ओढायची. आयुष्यभर लोकांना सुरक्षितपणे वर नेण्याची व्यवस्था बघणारा हा माणूस पडद्यावर मात्र दर दोन मिनिटांनी दरीत लोंबकळत असे.

आता खरी गोष्ट सांगतो. लेक गेल्यापासून त्या घरात बोलणं उरलं नव्हतं. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता, नुसतं बोलणं नव्हतं. जेवायला समोरासमोर बसले की गॅस, नळ, विजेचं बिल यांपलीकडे गाडी जात नसे. पण कोचावर शेजारी बसून, दोघांचे डोळे पडद्यावर असले, की मावशी बोलू लागे. लॅबमधली म्हातारी, सुई बघून बेशुद्ध पडणारा पैलवान, लेकीच्या फोनवरचा थकलेला आवाज, स्वतःचे दुखणारे गुडघे. एरवी नवऱ्याला "अहो" म्हणणारी ही बाई कंट्रोलर हातात आला की खुशाल "अरे, उडी मार की, काय बघत बसलास" म्हणत असे. साहेबांना ते फार आवडायचं. गेममध्ये ते मुद्दाम पडत असत असं मी म्हणणार नाही. पण सावरायची घाईही करत नसत.

तर अशाच एका संध्याकाळी, साहेब दरीत लोंबकळत असताना, मावशी म्हणाली, "आज लॅबच्या मोठ्या बाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. म्हणाल्या, पुढच्या महिन्यापासून..."

आणि कन्सोलनं एक दीर्घ सुस्कारा टाकून प्राण सोडला.

पडदा काळा झाला. साहेबांनी वायरी हलवल्या, फुंकर मारली, दोन चापट्या मारल्या. मग त्यांना वाक्य आठवलं. "काय म्हणाल्या मोठ्या बाई?"

"काही नाही," मावशी उठत म्हणाली. "जेवून घ्या."

जेवताना त्यांनी परत विचारलं. "अहो, काही विशेष नाही. भात वाढू?" दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "उशीर होतोय मला." पुढच्या महिन्यापासून काय? नोकरी जाणार? बदली? साहेबांच्या डोक्यात ते अर्धं वाक्य दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टसारखं अडकून बसलं, आणि आतला माणूस घंटा वाजवत राहिला. कन्सोल चालू झाल्याशिवाय हे वाक्य पुरं होत नाही, हे त्यांना कळून चुकलं.

दुरुस्तीवाल्यानं कन्सोल उघडला, आत डोकावला आणि डॉक्टर बाहेर येऊन करतात तशी मान हलवली. "याचे पार्ट येणं बंद झालंय. नवा घ्या. नाहीतरी तुमच्या त्या दोरीच्या गेमचा दुसरा भाग आलाय."

ही बातमी साहेबांनी मेव्हण्याला सांगितली आणि तिथंच चूक केली. मेव्हण्याला जगातल्या सगळ्या वस्तूंची माहिती होती आणि त्यातल्या बऱ्याच त्याच्याकडे खोक्यासकट पडून होत्या. त्यानं साहेबांना दुसऱ्या भागाची जाहिरात दाखवली. बर्फ, वादळ, धीरगंभीर संगीत, आणि शेवटी पडद्यावर अक्षरं: 'डोंगर परत बोलावतोय.' साहेबांनी ती परत लावायला सांगितली. मेव्हणा म्हणाला, "दाजी, डोळे झाकून घ्या." साहेबांनी तो सल्ला शब्दशः पाळला.

दुकानात त्यांनी नवा कन्सोल चारी बाजूंनी तपासला. सवयीप्रमाणे खालून, मागून, फटीत टॉर्च मारून. मग विक्रेत्याला विचारलं, "चकती कुठून घालायची?"

"चकती नसते आता, काका."

"मग गेम कुठं असतो?"

"वर असतो." विक्रेत्यानं छताकडे बोट दाखवलं. साहेबांनीही वर बघितलं. वर पंखा होता.

"म्हणजे मी पैसे देणार, आणि वस्तू त्यांच्याकडेच राहणार?"

"तुम्हाला खेळायचा हक्क मिळतो ना."

"आणि उद्या त्यांनी काढून घेतला तर?"

विक्रेता समजूतदार होता. तो म्हणाला, "इतका विचार केला तर माणूस काहीच घेऊ शकणार नाही, काका." हे खरं असल्यामुळे साहेब खोका उचलून घरी आले.

उद्घाटनाला इमारत लोटली. बोलावलं कुणालाच नव्हतं, पण खोका जिन्यातून वर जाताना बघितलेला होता. (लिफ्ट बंद होती. तिच्यावर साहेबांनीच बंदी घातली होती, कारण तिची बत्ती लुकलुकत होती. त्याबद्दल इमारतीचं मत वेगळं सांगायला नको.) साहेबांनी बटण दाबलं. पडद्यावर आलं: 'अपडेट आवश्यक.' खाली एक पट्टी, आणि तिच्या डाव्या टोकाला केसाएवढी हिरवी रेघ.

"आजच नवा आणला म्हणता ना?" प्राचार्यांनी विचारलं. "मग आजच जुना कसा झाला?"

"गेम अर्धाच देतात," मेव्हण्यानं ज्ञान दिलं. "उरलेला मागाहून पाठवतात. हल्ली सगळे असंच करतात."

साहेब हळूहळू त्याच्याकडे वळले. "उद्या मी लिफ्ट चालू करून दिली आणि म्हटलं, तळमजला ते तिसरा आज घ्या, चौथ्याची जमीन पुढच्या महिन्यात अपडेटमध्ये येईल, तर?" मग लोकांनी, ज्याला जे येत होतं ते दिलं, म्हणजे सल्ले. एकानं राउटर खिडकीत ठेवायला सांगितलं, एकानं फ्रिजवर. प्राचार्यांनी तो आपल्या ग्रंथांच्या चळतीवर ठेवायचा आग्रह धरला. इमारतीच्या सेक्रेटरींचा सल्ला शेवटी आला आणि तो सर्वांत कडक होता: इमारतीचं इंटरनेट सगळ्यांचं मिळून एकच असल्यामुळे, आणि पट्टी सुरू झाल्यापासून त्यांच्या सुनेची ऑफिसची मीटिंग चित्रासारखी स्तब्ध उभी असल्यामुळे, ही पट्टी ताबडतोब थांबवावी. अखेर असं ठरलं की साहेबांनी लोक कामावर गेल्यावर तेवढी पट्टी भरायची. लोक कामावर जात तेव्हा साहेबही कामावर जात. तेव्हा दुपारच्या सुट्टीत घरी येऊन ते पट्टीसमोर बसत आणि डबा तिथंच खात. आठवडाभर त्या माणसानं जेवणापेक्षा जास्त वेळा त्या पट्टीकडे बघितलं असेल.

पट्टी भरली त्या संध्याकाळी मावशी कोचावर त्यांच्या शेजारी येऊन बसली. पदर खोचला, कंट्रोलर हातात घेतला. साहेबांनी मनात हिशेब मांडला. आता दोरी बांधली जाईल, पहिली दरी येईल, आणि वाक्य पुरं होईल.

पडद्यावर एकच गिर्यारोहक उभा होता. मग पाटी आली: 'या यंत्रावर एकाच खेळाडूची सोय आहे. सोबत्याला स्वतःच्या यंत्रावरून बोलवा.'

"म्हणजे मी कुठं आहे?" मावशीनं विचारलं.

साहेबांनी सगळीकडे शोधलं. सेटिंगमध्ये, मदतीत, मदतीच्या मदतीत. मावशी कुठंच नव्हती. दोरीही नव्हती. दोरी दुकान नावाच्या खिडकीत होती आणि तिच्याखाली लिहिलं होतं: 'दोरी वेगळी विकत मिळेल.' दोरीच्या गेममध्ये दोरी वेगळी! साहेबांचं रक्त उकळलं, पण गरजवंताला अक्कल नसते. त्यांनी ती घेतली. सोनेरी रंगाची दोरी आली, गिर्यारोहकाच्या कमरेला डौलात लटकली, आणि कशालाच बांधता येईना. खाली बारीक अक्षरात होतं: 'केवळ शोभेसाठी.'

मावशीनं कंट्रोलर कोचावर ठेवला. "आमटी लागेल खाली," ती म्हणाली आणि आत गेली. शेगडीवर काही नव्हतं, हे साहेबांना माहीत होतं.

दुसरं यंत्र अर्थातच मेव्हण्याकडे होतं, खोक्यातून न काढलेलं. ते आणून झोपायच्या खोलीत मावशीपुढे बसवलं, आणि साहेब हॉलमध्ये. दोघांच्या कानांवर हेडफोन. साहेबांनी आपलं नाव 'लिफ्ट' ठेवलं, तिचं 'सुई'. आता नवरा-बायकोमध्ये एक भिंत होती. तिचा आवाज आधी भिंतीतून येई, मग कुठल्या तरी परमुलखातल्या यंत्राला वळसा घालून हेडफोनमधून परत येई. "अहो, कुठं आहात?" मग थोड्या वेळानं पुन्हा, "अहो, कुठं आहात?" साहेब दोनदा उत्तर देत. संसारात पहिल्यांदाच ते बायकोच्या प्रत्येक प्रश्नाला दोन उत्तरं देत होते, तरी गंमत अशी की बोलणं काही होईना. डावातले बारा गावचे लोक हेडफोनला कान लावून बसलेत म्हटल्यावर कोण बोलणार? तिचं "अरे"ही गेलं. ती "अहो" म्हणे आणि गप्प राही.

गेमची तर आणखीनच तऱ्हा होती. पन्नास गिर्यारोहक एकाच डोंगरावर सोडलेले, प्रत्येकाच्या हातात टोकदार काठी, आणि जो तो दुसऱ्याला ढकलून देतोय. खालून वादळ चढत येतं, जागा कमी होत जाते, शेवटी शिखरावर जो एकटा उरेल तो जिंकला. "पूर्वी हात द्यायचे, आता धक्का देतात," साहेब कार्यालयात म्हणाले. "याला म्हणे प्रगती." पण मावशीचा हात तो मावशीचाच. ती काठी अशी टोचायची की समोरचा दरीत गेल्यावर त्याला कळे. साहेब तिच्या मागे मागे चालत. पंचेचाळीस, चाळीस, वीस, पाच, करत शेवटी शिखरावर दोघंच उरत, ती आणि ते. एकमेकांना ढकलायचं तर दोघांच्याही मनात येत नसे. दोघं शेजारी उभे राहत, वादळ वर येई आणि दोघांनाही घेऊन जाई. पडद्यावर येई: 'विजेता नाही.' रोज संध्याकाळी हेच.

एके संध्याकाळी बटण दाबलं तर बर्फाऐवजी पाटी आली. 'लिफ्ट व सुई या खेळाडूंमध्ये संगनमत आढळून आले आहे. दोन्ही खाती बंद करण्यात येत आहेत.'

साहेबांनी ती पाटी तीनदा वाचली. संगनमत. बिल्डर आणि कंत्राटदारांचं संगनमत पकडण्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्यावर! चहाचा एक कपही त्यांनी कधी कुणा बिल्डरकडून घेतला नव्हता. गेम गेला त्याचं दुःख होतंच, पण हा डाग लागलेला त्यांना सोसवेना. त्यांनी ग्राहकसेवेला संदेश पाठवला. लगेच उत्तर आलं: 'तुमची अडचण ऐकून वाईट वाटलं. तुमची अडचण खालीलपैकी कोणती?' खालीलपैकी एकही त्यांची नव्हती. त्यांनी 'इतर' निवडलं. उत्तर आलं: 'तुमची अडचण सुटली याचा आनंद वाटतो.'

इथं साहेबांनी दुसरी चूक केली. ते आयुष्यभर नियमानं चाललेले. दुसऱ्या दिवशी कार्यालयात आस्थापना विभागातल्या कारकुनाला त्यांनी सरळ विचारलं, "संगनमताच्या आरोपाविरुद्ध अपील कुठल्या नमुन्यात करतात हो?"

दुपारच्या चहापर्यंत ती बातमी सगळ्या मजल्यांवर पोचली. लोक साहेबांना बघून बोलणं थांबवू लागले. एरवी न बोलणाऱ्या एका सहकाऱ्यानं येऊन त्यांचा हात दाबला आणि म्हणाला, "कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं." संध्याकाळी मुख्य अभियंत्यांनी केबिनमध्ये बोलावून दार लावलं.

"कोणता बिल्डर?"

"बिल्डर नाही, सर. बायको."

अभियंत्यांनी चष्मा काढला. "बायकोशी संगनमत? त्या काय करतात?"

"रक्त काढतात."

अभियंत्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "चार दिवस रजा घ्या. आराम करा."

रजा मिळाल्यावर साहेब खऱ्या अर्थानं कामाला लागले. त्यांनी घटनाक्रम लिहिला, मुद्दे काढले, उपमुद्दे काढले. दिवसचे दिवस फोन कानाला लावून ते संगीत ऐकत बसले. मावशी लॅबमधून येई, त्यांच्या खांद्यावरून कागद बघे, काही बोलायला तोंड उघडे, आणि साहेब बोट वर करत, म्हणजे थांब, लागतोय फोन. अखेर एक दिवस पलीकडे खरा माणूस आला. कोवळा, थकलेला आवाज. "सर, ही दोन खाती एकमेकांवर कधीच हल्ला करत नाहीत. हे संशयास्पद आहे."

"ती माझी बायको आहे."

"पुरावा पाठवा, सर. लग्नाचा दाखला आणि दोघांचा एकत्र फोटो."

लग्नाचा फोटो शोधायला साहेबांनी सगळं घर उलथंपालथं केलं. मावशी त्या संध्याकाळी उशिरा आली, पर्स न ठेवताच दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मी आज..." साहेब पलंगाखालून म्हणाले, "एक मिनिट, सापडतोय." ती आत निघून गेली. फोटो सापडला, पाठवला, आणि यंत्रानं परत केला: 'यातील पुरुषाचा चेहरा आपल्याशी जुळत नाही.' साहेबांनी पाटी मावशीला दाखवली. तिनं फोटोतला दाट केसांचा नवरदेव बघितला, समोरचा बघितला, आणि म्हणाली, "मलाही कधीकधी असंच वाटतं."

शेवटी लग्नाच्या दाखल्यावरच भागलं आणि कोवळ्या आवाजाचाच फोन आला. "सर, तुम्ही नवरा-बायको आहात हे सिद्ध झालं. अडचण एवढीच की त्यामुळे संगनमतही सिद्ध झालं."

"मग?"

"नवरा-बायकोसाठी नियमात तरतूद नाही. खाती सुरू करतो, पण निरीक्षणाखाली. यापुढे प्रत्येक डावात तुम्ही एकमेकांवर हल्ला केलेला दिसला पाहिजे. मनापासून." मग आवाज जरा खाली आला. "सर, माझे आईवडील असे एकत्र काही खेळताना मी कधी बघितले नाहीत. पण नियम तो नियम."

निरीक्षकच निरीक्षणाखाली आला. बातमी अर्थातच इमारतभर झाली आणि अर्थातच सल्ले आले. बायकोवर हल्ला कसा करावा याबद्दल प्रत्येक पुरुषाकडे काही ना काही होतं, मात्र अनुभव कुणालाच नव्हता. सेक्रेटरी म्हणाले, "दुपारीच काहीतरी बोलून ठेवा. संध्याकाळी आपोआप होईल." प्राचार्य म्हणाले की हे केवळ प्रतीकात्मक आहे, आणि मग प्रतीक म्हणजे काय ते जिन्यात उभं राहून समजावून सांगू लागले. मेव्हणा म्हणाला, "दाजी, ताई आहे म्हणून बघू नका. शत्रू आहे म्हणून बघा." साहेबांनी प्रयत्न केला. जमेना.

त्या संध्याकाळी डाव सुरू झाला. डोंगराच्या पायथ्याशीच लिफ्ट आणि सुई समोरासमोर उभे राहिले.

"अहो, मारा," भिंतीतून आवाज आला. मग हेडफोनमधून पुन्हा, "अहो, मारा."

"माझ्यानं नाही होत. तू मार."

मग मावशीचा लॅबमधला आवाज आला, मऊ आणि खात्रीचा. "बरं. तिकडे त्या झाडाकडे बघा. आता दुखणार नाही हं."

साहेबांनी झाडाकडे बघितलं आणि त्याच क्षणी ते दरीत होते. वर ओढायला कुणी नव्हतं. पडद्यावर आलं: 'तुम्ही बाद. आता फक्त पाहा.' आणि खाली, ज्यानं मारलं त्याच्या नजरेतून बाकीचा डाव दिसू लागला. साहेब थोडा वेळ हॉलमध्ये एकटे बसून बायकोच्या डोळ्यांनी डोंगर बघत राहिले. मग त्यांच्या मनात आलं, बघायचंच आहे तर इथं कशाला? त्यांनी हेडफोन काढले आणि झोपायच्या खोलीत गेले.

मावशीनं पडद्यावरची नजर न काढता पाय थोडे सरकवले. साहेब पलंगावर तिच्या शेजारी टेकले. "उजव्या हाताला एक लपलाय."

"दिसला." गेला तो.

"वरचा कडा सांभाळ."

"तू गप्प बस जरा," मावशी म्हणाली. मग तिनंच हेडफोन काढून उशीवर ठेवले. दोघंही पडद्याकडे बघत राहिले. आणखी एकजण गेला. मग ती म्हणाली, "लॅबच्या मोठ्या बाई नव्या पोरींसाठी वर्ग काढतायत. हात बसवायला. मला म्हणाल्या, पुढच्या महिन्यापासून तूच शिकव."

साहेब जरा पुढे सरकले. "मग?"

"नाही म्हणून सांगितलं."

"कधी?"

"त्या दिवशी. तू पलंगाखाली फोटो शोधत होतास ना, त्या दिवशी. आधी विचारायचं होतं तुला. पण तू फोनवरच असायचास."

साहेबांना फार वाईट वाटलं. ज्या वाक्यासाठी ते दुकान, इमारत, कार्यालय, परमुलखातलं यंत्र, सगळ्यांशी लढले, ते वाक्य त्यांच्याच घरात त्यांच्या मागे उभं राहून वाट बघत होतं, आणि कंटाळून एकटंच आपला निकाल लावून आलं होतं. त्यांना ते वर केलेलं बोट आठवलं. असं बोट ज्यानं बायकोसमोर एकदा तरी केलं नसेल त्यानंच त्यांना हसावं.

"पण नाही का म्हणालीस?"

"वर्गापुढे उभं राहून बोलायचं. नुसत्या विचारानं भीती वाटते. सुई टोचणं वेगळं. तिथं हात बोलतो." तिनं एकाला अलगद दरीत पाठवलं. "तुला नाही कळायचं. तू कशाला भितोस?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मला लिफ्टच्या खड्ड्यात उतरायची भीती वाटते."

"कधी?"

"रोज. खाली उतरून वर बघितलं की ती अख्खी लिफ्ट डोक्यावर दिसते. आणि उतरावं तर लागतंच. पहिल्या दिवसापासून वाटते. अजून वाटते. उतरल्याशिवाय मी सही केली नाही कधी, पण वाटायची थांबली नाही."

मावशीनं पडद्यावरची नजर काढली आणि वळून नवऱ्याकडे बघितलं. इतक्या जवळून, इतका वेळ, तिनं त्यांच्याकडे बघितल्याला बरीच वर्षं झाली असावीत. "इतकी वर्षं?" ती म्हणाली. "आणि मला एका शब्दानं बोलला नाहीस?"

"तू तरी कुठं बोललीस?" साहेब म्हणाले. "उद्या जा आणि हो म्हणून सांग. नाही म्हटलेलं मागे घेता येतं. मोठ्या बाई माणूस आहेत, यंत्र नाहीत."

"आणि उभी राहिले आणि बोलताच नाही आलं तर?"

"तर एकीला समोर बोलव, तिचा हात हातात घे, आणि टोच. बाकी आपोआप येईल."

मावशी हसली. पडद्यावर मागून कुणीतरी हळूच आला आणि त्यानं सुईला शिखरावरून ढकलून दिलं. तुताऱ्या वाजल्या, भलत्याच कुणाचं तरी नाव झळकलं. दोघांचंही तिकडे लक्ष नव्हतं.

"कोण होता रे?" तुताऱ्या थांबल्यावर मावशीनं न बघताच विचारलं.

"कोण जाणे."

"जाऊ दे," ती म्हणाली आणि मांडी घालून नीट त्यांच्यासमोर बसली. "उद्या केबिनमध्ये गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलू, ते सांग."